एकोणीस नंबरमधली गोधडी

बावीस वर्षं कोंडीराम स्वच्छ कपडे धूत होता. हे ऐकून लोक हसायचे, आणि हसण्यासारखंच होतं ते. पण नोकरीच तशी, त्याला तो काय करणार? हिंजवडीत त्या उंच काचेच्या इमारतींच्या मागे एक बुटकी, जाड भिंतींची इमारत आहे. वॉशिंग मशीन बनवणारी एक कंपनी आपल्या नव्या मशीन बाजारात धाडण्याआधी तिथे त्यांची परीक्षा घेते. तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत चाळीस मशीन दोन रांगांत उभ्या असतात आणि न थांबता चालतात. तीन हजार धुणी पुरी केली की पास. मध्येच मोडली की नापास, आणि मग ती बनवणाऱ्या इंजिनिअरचं तोंड चार दिवस पाहवत नाही.

धुवायला कपडे मात्र कुणाचेच नसतात. पांढऱ्या सुती चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल, सगळं मापाचं आणि तोलून घेतलेलं. साबणसुद्धा नाही, नुसतं पाणी. ऐंशी वेळा धुतलं की कापड बाद. त्या चादरीवर कधी कुणी झोपलेलं नसतं, त्या टॉवेलाने कधी कुणी तोंड पुसलेलं नसतं. मशीनमधून पाणी जसं आत जायचं तसंच बाहेर यायचं. कोंडीराम सुरुवातीला या प्रकाराला वैतागला होता. वाशीमकडच्या गावात, जिथे प्यायचं पाणी मैलभरावरून आणायचं, तिथे वाढलेल्या माणसाला हे बघवणार कसं? पण माणूस कशालाही रुळतो. पुढे पुढे तर त्याला ती खोली इतकी आवडायला लागली, की सुट्टीच्या दिवशी घरात त्याला करमेना.

खोलीला गुंगी होती. चाळीस मशीन एकदम चालायच्या, कुणी पाणी घेतेय, कुणी घुसळतेय, कुणी पिळतेय, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक सलग, ओला, घुमणारा आवाज व्हायचा. दोन रांगांच्या मधल्या वाटेने कोंडीराम अर्धे डोळे मिटून चालायचा. चालता चालता त्याला वाटायचं, आपण एका मोठ्या पाण्याच्या पोटात आहोत आणि वर कुठेतरी ऊन पडलंय. मधेच एखादी मशीन वेगळं काही बोलली, की डोळे उघडून तो नेमका तिच्यापाशी जाऊन थांबायचा. पट्टा सैल झालाय, बेअरिंग कोरडं पडलंय, ब्रेक घासतोय. यंत्रं लावून जे चार तासांनी कळायचं ते कोंडीराम चालता चालता सांगायचा. नवीन आलेली पोरं आधी हसायची आणि मग हळूच त्याला विचारायला यायची.

या रांगांतली एकोणीस नंबरची मशीन त्याची लाडकी होती. लाडकी म्हणजे इतकी, की जेवणाचा डबा तो तिच्याच शेजारी बसून खायचा.

तिच्या पोटात इंजिनिअर प्रियदर्शनी मॅडमनी बनवलेला नवा क्लच होता. क्लच म्हणजे काय हे कोंडीरामने आपल्या बायकोला, यमुनाबाईला, एकदा डब्याचं झाकण आणि वाटी घेऊन समजावलं होतं. मशीनच्या तळाशी मोटर एकच असते. धुताना बाहेरचा टब ब्रेक लावून गप्प उभा राहतो आणि फक्त तळातली चकती डावीउजवीकडे फिरते. पिळायची वेळ आली की ब्रेक सुटतो, क्लच त्या चकतीला आणि टबाला एकमेकांत अडकवतो आणि दोघं मिळून गरागरा फिरतात. कधी एकाने थांबायचं नि दुसऱ्याने फिरायचं, आणि कधी दोघांनी मिळून फिरायचं, हे सगळं त्या मुठीएवढ्या वस्तूच्या हाती. यमुनाबाईने ऐकून घेतलं आणि वाटी परत मागितली, कारण तिला आमटी वाढायची होती.

इतर मशीनमध्ये क्लच लागताना खडाक् आवाज व्हायचा. एकोणीस नंबरमध्ये फक्त एक बारीक ‘टक’ यायचा, निजलेल्या पोराची झोप मोडू नये म्हणून आईने अलगद दार लोटावं तसा. प्रियदर्शनीची तीन वर्षं त्या ‘टक’मध्ये गेली होती. सप्टेंबर अखेरच्या त्या आठवड्यात एकोणीस नंबरची शेवटची काही धुणी उरली होती. शुक्रवारी तीन हजार पुरी झाली की क्लच कारखान्यात जाणार आणि दिवाळीनंतर घरोघर. कोंडीरामचीही पाच महिन्यांनी निवृत्ती होती. बावीस वर्षांत त्याच्या नावापुढे एकही लाल शेरा नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. साहेब लोकांना पदव्यांचा असतो, त्याला याचा होता.

घटस्थापना चार दिवसांवर आली होती. नवरात्र बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालंच पाहिजे, हा यमुनाबाईच्या सासूचा नियम, आणि सासू जाऊन पंधरा वर्षं झाली तरी नियम काही गेला नव्हता. खडकीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात त्यांचं बिऱ्हाड. नळाला पाणी सकाळी तासभर. कंपनीने सवलतीत दिलेली मशीन कधीच मुलीच्या लग्नात नागपूरला गेली होती. यमुनाबाई सगळं हाताने धुवायची. त्या मंगळवारी सकाळी ती मोरीच्या उंबऱ्यावर गोधडी मांडीवर घेऊन बसली होती.

“मले यंदा हे झेपत नाही,” ती म्हणाली. “खांदा वरच होत नाही.”

“लाँड्रीत टाकू.”

“इचारून आली. बाहेर पाटीच लावली हाय त्यानं. ब्लँकेट घेतो, गोधडी घेत नाही, कारण विचारू नये.” तिने गोधडीवरून हात फिरवला. “तुमच्याजवळ तिकडं चाळीस मशिनी हायेत जी. मले इकडं एकच खांदा.”

कोंडीरामने डबा उचलला आणि निघाला. पण दिवसभर ते वाक्य त्याच्या कानात फिरत राहिलं, आणि बुधवारी सकाळी त्याने गोधडीची घडी करून पिशवीत कोंबली. वर कागदाच्या पुडीत मूठभर साबणाची पावडर. फाटकावरचा रखवालदार भैरू आत जाणाऱ्या पिशव्या कधी उघडत नसे. कंपनीतून काही बाहेर जाऊ नये एवढीच त्याला काळजी. त्या दिवशी पिशवीचा आकार बघून मात्र तो म्हणाला, “काका, आज झोपायची तयारी दिसतेय.” कोंडीराम कसनुसं हसला.

ठरलेल्या कपड्यांखेरीज खोलीत दुसरं काही मशीनमध्ये घालायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो भिंतीवर लिहिलेला होता आणि लिहिताना स्टूल कोंडीरामनेच धरलं होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. एकोणीस नंबरचं एक धुणं संपलं. कोंडीरामने चादरी बाहेर काढल्या आणि गोधडी आत ठेवली. दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये घालायचं त्याच्या मनातही आलं नाही. जपून धुईल तर हीच धुईल, असं त्याला वाटलं. पावडर टाकली, झाकण लावलं, कळ दाबली आणि स्टूल ओढून झाकणाच्या काचेतून बघत बसला.

पाणी भरलं. फेस आला. बावीस वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा साबणाचा वास सुटला, आणि कोंडीरामला एकदम हलकं वाटलं. चकती फिरायला लागली तशी गोधडी जड अंगाने कुशीवर वळली. मग पाण्याला रंग आला. आधी पिवळट, मग चहासारखा, मग चांगला मातकट. कोंडीराम पुढे वाकला. इतकी वर्षं काचेखाली त्याने नुसतं नितळ पाणी पाहिलं होतं, आणि आज ते खरोखर काहीतरी धूत होतं!

गोधडीत सगळं घर होतं. सगळ्यात वर आईचं हिरवं लुगडं, मध्ये बापाच्या धोतराचे तुकडे, एका कडेला मुलीचा, दीपमालेचा, शाळेतला निळा फ्रॉक. फेसातून एकेक तुकडा वर यायचा आणि बुडायचा. हिरवं गेलं, निळं आलं, पुन्हा हिरवं. ते बघता बघता कोंडीरामच्या डोळ्यांवर झापड आली, की नाही आली, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. त्याला काचेखाली पैनगंगेचं पात्र दिसलं. आई गुडघाभर पाण्यात उभी होती, लुगड्याचा काचा मारून, आणि दगडावर काहीतरी आपटत होती. पाण्यात ती डावीकडे वळायची, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि नदी मात्र जागच्या जागी थांबली होती. काठावर कापूस फुटला होता. बाप धोतराच्या सोग्याने मान पुसत झाडाखाली बसला होता आणि त्याला म्हणत होता, ये, बस जरा, ऊन उतरू दे. कोंडीराम त्याच्याशेजारी बसला. किती वेळ बसला कुणास ठाऊक. त्याला इतकं बरं वाटत होतं, की उठावंसंच वाटेना. पाण्याच्या आवाजात आई गुणगुणत होती आणि तिच्या बांगड्या अधूनमधून दगडाला लागत होत्या.

मग नदीचं पाणी सरसर ओसरलं, आणि कोंडीरामला ‘टक’ ऐकू आला.

त्याच्यामागोमाग आला तो आवाज त्याने एकोणीस नंबरकडून कधीच ऐकला नव्हता. किर्रर्र. दातांवर दात घासल्यासारखा. कोंडीराम ताडकन उठला. आत चकती फिरू पाहत होती आणि टब हलत नव्हता. ओली गोधडी सगळी एका अंगाला बसली होती, रुसून बसलेल्या माणसासारखी, जागची उठायला तयार नाही. चादरी टबाच्या कडेने पसरतात, त्यांच्यातलं पाणी झरझर निघून जातं. गोधडीने पाणी टाक्याटाक्यात धरून ठेवलं होतं. क्लचने पुन्हा पकड घ्यायचा प्रयत्न केला, पुन्हा घसरला. किर्रर्र. तिसऱ्या वेळी मशीनने प्रयत्न सोडला आणि दिवा लुकलुकत गप्प उभी राहिली.

कोंडीरामने ती पाणी गळणारी गोधडी दोन्ही हातांनी उपसून काढली. शर्ट भिजला, चपला भिजल्या. मग टब तीनदा पुसला, फेसाचा मागमूस राहू दिला नाही, चादरी परत घातल्या आणि श्वास रोखून कळ दाबली. पाणी, घुसळण, निचरा, आणि अलगद ‘टक’. टब वाऱ्यासारखा फिरला. जणू काही झालंच नव्हतं. चादरींपुरता क्लच ठणठणीत होता. वहीत त्या दुपारच्या रकान्यात कोंडीरामने ‘ठीक’ असं लिहिलं. वहीतली ती त्याची पहिली खोटी नोंद.

संध्याकाळी फाटकावर भैरूने ठिबकणारी पिशवी बघून भुवया वर केल्या. “आत जाताना कोरडी होती ना, काका?” बसमध्ये पिशवीखाली तळं साचलं आणि शेजारच्या पोरांनी मुकाट्याने पाय वर घेतले. वाकडपासून खडकीपर्यंतच्या त्या रखडत चाललेल्या वाहतुकीत कोंडीरामला एवढाच विचार होता, की आपल्यामुळे मॅडमच्या क्लचला इजा झाली. मग वाटायचं, इजा कुठे झाली, तो तर चालतोय. मग वाटायचं, झाली नाही तर मग घसरला का? शेवटी त्याने स्वतःची समजूत घातली, की दोन दिवस गप्प बसावं, शुक्रवार जाऊ द्यावा.

घरी यमुनाबाईने पिशवीत हात घातला. “धुतली बरी. पण पिळली नाही काय तुमच्या मशिनीनं?”

“आपण पिळू. धर तिकडून.”

मोरीत दोघं दोन टोकांना उभी राहिली. कोंडीरामने आपल्या टोकाला पीळ द्यायला सुरुवात केली. यमुनाबाईने तिच्या टोकाला नुसतं घट्ट धरायचं होतं. अर्धा पीळ झाला आणि टोक तिच्या हातातून सुटलं. ओली गोधडी फरशीवर थपकन पडली. “निसटली,” ती म्हणाली. पुन्हा धरली. पुन्हा उजवा हात खांद्यापाशी अडला, बोटं उघडली, टोक सुटलं. तिने ओठ दाताखाली धरला होता. तिसऱ्यांदा तिने गोधडी कमरेभोवती गुंडाळून अंगाने धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि तिचा परकर, लुगडं सगळं भिजून गेलं.

“जाऊ दे, मी बघतो,” कोंडीराम म्हणाला. त्याने गोधडी एकट्यानेच तशीच निथळत गॅलरीच्या कठड्यावर टाकली. तिथे उभा राहून तो खालच्या अंगणात पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला, आणि त्याला एकाएकी घटस्थापनेच्या आधीचा आठवडा दिसला. पुढच्या वर्षीचा. इथून वाशीमपर्यंत घराघरांत नवी मशीन, प्रत्येक मशीनमध्ये एक गोधडी, आणि प्रत्येक मशीनपुढे एक बाई, दोन्ही हातांनी उपसून काढतेय. त्या चित्राने त्याला जेवू दिलं नाही.

गुरुवारी दुपारी प्रियदर्शनी खोलीत आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. गोधडी, खांदा, लाँड्रीवरची पाटी, साबण, किर्रर्र, वहीतलं ‘ठीक’. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. प्रियदर्शनी सदाशिव पेठेत वाढलेली, बोलणं मोजकं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“काका, चाचणीत काय काय घालायचं ते ठरलेलं आहे. त्यात गोधडी नाही.”

“घरात हाय, मॅडम.”

एकोणीस नंबर शेजारी घुसळत होती. तिच्या अंगावर प्रियदर्शनीने हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“वाळली का ती?” तिने विचारलं.

“उद्यापर्यंत वाळते.”

“उद्या आणा. माझ्यासमोर करायचं. मी बघितल्याशिवाय मानणार नाही.” जाता जाता दारात ती थांबली. “आणि साबण आणू नका. आमच्याकडे वास मारतोय कालपासून. मला वाटलं, सफाईवाल्यांनी काहीतरी नवीन आणलं.”

शुक्रवारी सकाळी यमुनाबाईला तो काही केल्या पटवून देऊ शकला नाही, की धुऊन वाळलेली गोधडी पुन्हा कशाला न्यायची. “मॅडमले पाहाची हाय,” एवढंच तो म्हणाला. “पुण्यातल्या मॅडमनं गोधडी पाह्यली नाही काय?” ती म्हणाली, पण घडी तिनेच करून दिली, डाव्या हाताने.

अकरा वाजता कोंडीराम आणि प्रियदर्शनी एकोणीस नंबरपुढे उभे राहिले. कोंडीरामने आयुष्यात इतक्या मनापासून काही मागितलं नव्हतं, जितकं त्याने त्या पाऊण तासात मागितलं, की हिने आज फिरावं. परवा काहीतरी चुकलं असेल, मीच नीट पसरली नसेन, पावडर जास्त झाली असेल. आज हिने फिरावं आणि मी म्हातारा खोटा पडावा. प्रियदर्शनी काचेवर वाकली होती. हिरवं वर येत होतं, निळं वर येत होतं. “हे काय आहे, निळं?” तिने विचारलं. “मुलीचा फ्रॉक,” तो म्हणाला. ती ओठाच्या कोपऱ्यात हसली आणि बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तसंच काहीसं आलं जसं परवा त्याच्या आलं असेल, झोपेच्या काठावरचं. खोली घुमत होती आणि वेळ कुठे जात होता ते कळत नव्हतं.

पाणी ओसरलं. ‘टक’.

किर्रर्र.

तिन्ही वेळा तो आवाज प्रियदर्शनीने डोळे मिटून ऐकला. मशीन थांबल्यावर तिने झाकण उघडलं, बाह्या वर केल्या आणि गोधडी उचलायला गेली. उचलेना. पुन्हा ओढली, अर्धी वर आली आणि परत बसली. शेवटी कोंडीरामने दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती बाहेर काढली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. त्याच हातांनी तिने चष्मा वर सरकवला आणि डोळे पुसले. “तीन वर्षं, काका,” ती म्हणाली. कोंडीरामला वाटलं, जमीन दुभंगावी. पण सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र त्याला वाटलं नाही, आणि त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

चादरी घालून उरलेली धुणी चालूच होती. चारच्या सुमाराला एकोणीस नंबरच्या फलकावर तीन हजारचा आकडा लागला आणि विभागाचे साहेब, अवधूत सर, पेढ्यांचा पुडा घेऊन खाली आले. प्रियदर्शनीने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पुडा त्यांनी तसाच बंद स्टूलवर ठेवला.

“हे बघा,” ते शांतपणे म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त घाईत होता. “ठरलेल्या कपड्यांबाहेर जे झालं, ते चाचणीत झालंच नाही. एकोणीस नंबरने तीन हजार पुरी केली, ती सगळ्यांनी बघितली. काका, तुम्ही इथे सही करा. गोधडीचं नाव काढू नका. नाव काढलंत तर खोलीचा नियम मोडल्याची चौकशी लागेल, आणि ती थांबवणं माझ्या हातात नाही. पाच महिने राहिलेत तुमचे. आपण झोकात निरोप देऊ. प्रियदर्शनी, दुरुस्ती काय ती पुढच्या मॉडेलमध्ये कर.”

“आणि या मॉडेलमध्ये?” प्रियदर्शनीने विचारलं.

“या मॉडेलच्या पुस्तिकेत छापू. गोधडी घालू नये.”

“कारण विचारू नये, हेही छापायचं का, सर?”

अवधूत सरांनी वही कोंडीरामपुढे सरकवली.

कोंडीरामने पेन घेतलं. बावीस वर्षं त्याने या वहीत एकेक शब्द लिहिला होता. ठीक. ठीक. पट्टा बदलला. ठीक. पान उलटून त्याने आधी बुधवारची नोंद काढली, तिच्यातलं ‘ठीक’ एका रेषेने खोडलं. मग शुक्रवारच्या रकान्यात, त्याच्या वळणदार, सावकाश अक्षरात लिहिलं: एकोणीस नंबर. पिळताना क्लच घसरला. बुधवारी आणि आज. आत गोधडी होती. गोधडी माझ्या घरची, बुधवारी मी कुणाला न विचारता घातली. नापास. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

प्रियदर्शनीने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली. “सोमवारी मी वर येऊन बोलते, सर,” ती म्हणाली. साहेबांनी पेढ्यांचा पुडा उचलला, दोन पावलं गेले, परत येऊन तो स्टूलवरच ठेवला आणि निघून गेले. कोंडीरामच्या लक्षात आलं, की सोमवारी या खोलीचं दार आपल्यासाठी उघडेलच असं नाही. त्याने डबा घेतला, ओली गोधडी पिशवीत भरली.

“काका,” प्रियदर्शनी म्हणाली. “काकूंचा खांदा कसा आहे आता?”

कोंडीरामला माहीत नव्हतं. चार दिवस त्या खांद्यापायी तो नियम मोडत होता, खोटं लिहीत होता, खरं लिहीत होता. पण खांदा कसा आहे, हे त्याने विचारलं नव्हतं. चार दिवसांतही नाही आणि त्याच्या आधीही नाही. भिंतीपलीकडचं कोरडं बेअरिंग ऐकू येणाऱ्या माणसाने घरात काही ऐकलं नव्हतं. त्याची मान खाली गेली आणि तो तसाच बाहेर आला.

फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत उभं राहून त्याने घरी फोन लावला. ऑफिसातून घरी फोन करायची त्याला सवय नव्हती.

“हॅलो?” यमुनाबाई म्हणाली.

“तुझा खांदा कसा हाय?”



“काहून जी?” ती घाबरून म्हणाली. “काय झालं? नोकरी गेली काय?”

“ते मंग सांगतो. तू आधी खांद्याचं सांग.”

“बरा हाय.”

“बरा नाही. कधीपासून दुखते?”

मग ती हळूहळू, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तशी सांगायला लागली. उन्हाळ्यापासून दुखते. पहाटे कूस बदलता येत नाही. वेणी घालता येत नाही म्हणून अंबाडाच बांधते, तोही डाव्या हातानं. वरच्या फळीवरचे डबे खाली काढून ठेवले, ते तुमी पाह्यले नाहीत. कंपनीची बस येऊन उभी राहिली, भरली, भैरूने लांबून हात करून बोलावलं, आणि बस निघून गेली. यमुनाबाई सांगत होती, आणि कोंडीराम भिंतीला टेकून ऐकत उभा होता.